संगीतशिक्षण, माध्यमिक शालेय

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला दिलेल्या तासिकेत, परिपाठात आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीत विद्यार्थ्यांना मिळणारे गायन-वादनाचे शिक्षण. महाराष्ट्रात ‘माध्यमिक’ ही संज्ञा पाचवी ते दहावी या इयत्तांना दीर्घकाळ लावली गेली. प्रस्तुत नोंदीत भर आहे तो आठवी ते दहावीवर, म्हणजे साधारण तेरा ते सोळा या वयावर. संगीतविद्यालयात फी भरून घेतलेले शिक्षण आणि शाळेत सर्वांना मिळून दिलेले शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत. संदर्भसाहित्यात मात्र पहिलीचा इतिहास दुसरीच्या नावावर पुष्कळदा खपून जातो.

आरंभ : वर्गात बसवून, ठरावीक वेळात, पुस्तकाच्या आधारे संगीत शिकविण्याची सुरुवात पश्चिम भारतात कोणी केली याविषयी एकमत नाही. पुणे गायन समाजाची स्थापना १८७४ ची. संगीताला प्रतिष्ठित घरांतील मुलांच्या शिक्षणात स्थान मिळावे हा समाजाचा एक उद्देश होता आणि समाजाच्या वतीने गायनवर्गही चालत. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने गायक मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली, तिला राज्याचे पैसे व देखरेख दोन्ही होते. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले व १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा उघडली. मराठी चरित्रपर लेखनात लाहोरचा मान मोठा आहे. पलुसकरांनी वेळापत्रक, वर्गवारी, क्रमिक पुस्तके आणि शिक्षक तयार करणारा ‘उपदेशक वर्ग’ अशी एकसंध व्यवस्था बसविली, हे त्याचे कारण. कालक्रम पाहता बडोद्याचा दावा डावलणे कठीण आहे. मौलाबक्ष यांची स्वतःची स्वरलेखनपद्धती होती आणि त्यांच्या शाळेत विद्यार्थी वर्गाने शिकत. राजाश्रयी सार्वजनिक संगीतशाळा म्हणून बडोद्याला अग्रक्रम द्यावा आणि प्रसाराचे श्रेय पलुसकरांना, हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र या तिन्ही संस्था संगीताच्या शाळा होत्या. सामान्य शाळेत गणित-भूगोलाच्या शेजारी संगीत केव्हा येऊन बसले, याचे उत्तर त्यांच्या स्थापनावर्षांतून मिळत नाही.

स्वरलेखन : शालेय संगीताच्या पुस्तकांचा विचार करताना दोन पद्धतींचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पहिली पलुसकरांची. दुसरी विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची, जी त्यांच्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेमुळे रूढ झाली. कोमल (मूळ जागेवरून उतरलेला) स्वर दाखविण्यासाठी भातखंडे पद्धतीत अक्षराखाली आडवी रेघ देतात. पलुसकर पद्धतीत अक्षराचा पाय मोडतात, त्यामुळे कोमल गंधार ‘ग्’ असा दिसतो. व्याकरणात पाय मोडलेले अक्षर अपूर्ण उच्चारायचे असे शिकलेल्या मुलाला तो पूर्ण स्वर म्हणून गाताना पहिल्यांदा अडखळायला होते. खरा घोटाळा टिंबाचा. भातखंडे पद्धतीत अक्षरावरचे टिंब तार (वरच्या) सप्तकाचे व खालचे मंद्र (खालच्या) सप्तकाचे. पलुसकर पद्धतीत वरचे टिंब मंद्र सप्तकाचे असून तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ येते. एकाच ‘सां’चे वाचन पुस्तक बदलताच दोन सप्तकांनी सरकते.

तालचिन्हांतही हाच भेद आहे. सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) त्रितालात टाळी पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर आणि खाली (टाळी न देण्याची जागा) नवव्या मात्रेवर, याविषयी वाद नाही. भातखंडे हे चार विभाग ×, २, ०, ३ असे दाखवितात, तर पलुसकर १, ५, +, १३ असे. पलुसकरांच्या चिन्हांत टाळीची मात्रा थेट वाचता येते, ही शिकविण्याच्या दृष्टीने सोय म्हणावी लागेल. मात्रेच्या पोटविभागांसाठी मात्र त्यांनी प्रत्येक स्वराखाली वेगळे कालचिन्ह योजले. सूक्ष्मता वाढली आणि पान गजबजले. भातखंडे पद्धतीत एका मात्रेत येणारे स्वर खालून एका कंसाने बांधले की काम भागते. महाराष्ट्रातील शाळांत ती अधिक टिकली याचे श्रेय बहुधा या साधेपणाला आहे. संगीताच्या परीक्षा देणाऱ्यांना वरच्या टप्प्यांवर दोन्ही पद्धती माहीत असाव्या लागतात.

या वादाची एक आवृत्ती त्याआधी बंगालमध्ये झाली होती. १८७० च्या दशकात तेथील शालेय संगीतासाठी युरोपीय पाच रेषांचे लेखन घ्यावे की देशी अक्षरलेखन, यावरून शिक्षणखात्यातील चार्ल्स क्लार्क आणि सौरींद्रमोहन टागोर यांच्यात लेखी चकमक उडाली. पश्चिम भारतात पाच रेषांची बाजू पुढे सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी घेतली, पण ती शाळांपर्यंत पोचली नाही.

कवितेची चाल : संगीताची तासिका नसलेल्या शाळेतही मुले गात होती, ती मराठीच्या तासाला. परशुरामतात्या गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा वेच्यांचा संग्रह १८५४ चा. अशा संग्रहांतील ओव्या, अभंग, आर्या, दिंड्या, साक्या आणि श्लोक मुळात चालीवर म्हणण्याचेच होते. वृत्त ओळखायचे ते गणांच्या मांडणीने आणि लक्षात राहायचे ते चालीने. पद्यपठणाच्या या परंपरेला संगीतशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. वास्तविक सर्वाधिक मुलांपर्यंत पोचलेले शालेय संगीत हेच असावे.

परिपाठात म्हटल्या जाणाऱ्या मनाच्या श्लोकांचे उदाहरण घेता येईल. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात, चरणात चार य-गण : लगागा लगागा लगागा लगागा. लघूची एक व गुरूच्या दोन मात्रा धरल्या तर प्रत्येक गण पाच मात्रांचा आणि चरण वीस मात्रांचा होतो, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची नेमकी दोन आवर्तने. तरीही समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, सुरुवात केल्यास चरण तालात अवघडतो. झपतालाचे विभाग २-३-२-३ असे आहेत आणि गण मोडतो ३-२ असा. तिसऱ्या मात्रेवरून उठाव घेतला की ३-२-३-२ अशी जोडणी होऊन शब्द व टाळी एकत्र पडतात. तबल्याची ओळख असलेला शिक्षक हे आठवीच्या वर्गात पाच मिनिटांत करून दाखवू शकतो. मुले एरवी श्लोक तालाविना, डोलत आणि ओळीच्या शेवटी हेल काढत म्हणतात, त्यालाही हरकत घेण्याचे कारण नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत कवितेसोबत ‘तालासुरात म्हणा’ अशा आशयाच्या सूचना असतात. ताल कोणता नि सूर कोणता, हे शिक्षकावर सोडलेले असते.

कंठ फुटणे व पट्टीचा प्रश्न : ‘कंठ फुटणे’ म्हणजे गळ्यातून सूर निघू लागणे, तसेच वयात येताना मुलाचा आवाज बदलणे. माध्यमिक संगीतशिक्षणाची मुख्य अडचण या दुसऱ्या अर्थात आहे. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि मुलांचा आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण तो फरक दोन-तीन स्वरांपलीकडे सहसा जात नाही. मधल्या काही महिन्यांत मुलाचा आवाज चिरकतो, तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) जाताना फाटतो, कधी खर्जात निसटतो. वर्गातील चाळीस-पन्नास मुले या प्रवासात एकाच ठिकाणी नसतात.

सहावीपर्यंत सगळा वर्ग काळी चार या पट्टीत, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, बिनदिक्कत गातो. नववीत तीच पट्टी धरली तर मुलींना सोयीची राहते. मुलांना मात्र वरच्या सप्तकात ती झेपत नाही व खालच्या सप्तकात आवाज बसका होतो. ओठ हलवून गप्प राहणारी मागच्या बाकांवरील मुले आळशी असतात असे नाही, त्यांना पट्टी मिळालेली नसते. अनुभवी शिक्षक यावर तीन उपाय करतात. मंद्र पंचम ते मध्य पंचम (खालचा ‘प’ ते मधला ‘प’) एवढ्याच टापूत फिरणारी गीते निवडणे हा पहिला. कंठ फुटत असलेल्या मुलांना काही काळ टाळी, झांज, खंजिरी, तबला यांकडे वळविणे हा दुसरा, पण त्यात मूल गाण्यातून कायमचे सुटण्याचा धोका राहतो. तिसरा उपाय स्वरशास्त्रातला आहे. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकचा षड्ज. मुलींनी काळी चार व मुलांनी काळी एक धरली तर मुलींचा ‘म’ आणि मुलांचा ‘सा’ एकच ठरतो. स्त्री-पुरुष गायकांच्या जसरंगी जुगलबंदीत पंडित जसराज यांनी याच नात्याचा उपयोग केला. शाळेत याचा लहान प्रयोग शक्य आहे. मुली ‘सा रे म प ध’ असा दुर्गा राग गातात आणि तेच स्वर मुलांच्या षड्जापासून मोजले की ‘सा रे ग प ध’ असा भूप राग निघतो. फळ्यावर दोन्ही सरगमी एकाखाली एक लिहून स्वरांची जुळणी दाखविली, तर मूर्च्छना (षड्ज बदलून त्याच स्वरांतून दुसरा राग काढणे) ही संज्ञा न उच्चारता ती समजते. कंठपरिवर्तनाविषयी मराठी संगीतशिक्षणाच्या जुन्या पुस्तकांत फारसे लेखन आढळत नाही. गुरुगृही एकेक शिष्य शिकविण्याच्या रीतीत प्रत्येकाची पट्टी वेगळीच असल्यामुळे हा सामूहिक प्रश्न उद्भवत नव्हता.

वाद्ये : शाळेतील संगीत म्हणजे पेटी (हार्मोनियम), असे समीकरण आहे. स्थिर स्वरांच्या या परक्या वाद्याला संगीतशास्त्रज्ञ मंडळींनी बराच विरोध केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांच्या) मोजमापाचा प्रयत्न केला, क्लेमेंट्स यांनी तो उचलून श्रुतिपेटीचा पुरस्कार केला आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने (आकाशवाणीने) पेटीला बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. शाळांवर या सगळ्याचा परिणाम झाला नाही. एका हाताने भाता मारत, दुसऱ्या हाताने सूर धरत वर्गाकडे तोंड करून बसता येते, असे दुसरे वाद्य शिक्षकाजवळ नव्हते. तानपुऱ्याची जागा अलीकडे मोबाइलवरील तानपुऱ्याने घेतली आहे. लेझीम, ढोल-ताशा आणि बँडपथक ही सामान्यतः शारीरिक शिक्षणाच्या खात्यात मोडतात, जरी लयीचे शिक्षण तेथेच अधिक पक्के होत असले तरी.

परीक्षा : चित्रकलेसाठी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा आहेत. संगीतात त्यांच्या तोडीची शालेय शासकीय परीक्षा रूढ झाली नाही. ती पोकळी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांनी भरली. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या या मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत अलंकारापर्यंत जातात. शाळकरी मुले बहुधा प्रारंभिक ते मध्यमा या टप्प्यात असतात. महाराष्ट्रात दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन, वादन व नृत्य यांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद झाल्यापासून या परीक्षांकडे ओढा वाढला. हे गुण शाळेबाहेर क्लासमध्ये शिकलेल्या मुलांना मिळतात. शाळेच्या तासिकेतून मध्यमेपर्यंत पोचणे आठवड्यातील एका तासात शक्य नसते.

शासकीय अभ्यासक्रम : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण सर्वांसाठी असावे अशी भूमिका घेतली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला सहशालेय न मानण्याचा आग्रह धरला. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले व शाळांच्या परिपाठात आले.

गोवा : येथे चर्चला जोडलेल्या गावशाळांतून सोळाव्या शतकापासून पाश्चात्त्य स्वरवाचन, समूहगान व व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणाऱ्याला मेस्त म्हणत. हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण देवळे व कलावंत घराणी यांच्या आश्रयाने स्वतंत्रपणे चालले. मुक्तीनंतर स्थापन झालेल्या कला अकादमीत दोन्ही परंपरांचे विभाग आहेत.