पैसा गल्ली बघून येतो

१९९२ साली रिचर्ड ओब्रायन या बँकिंग क्षेत्रातल्या अर्थतज्ज्ञाने वित्तव्यवहारांपुरता 'भूगोलाचा अंत' जाहीर केला. संगणक आणि दूरसंचारामुळे पैसा क्षणात कुठेही जाईल, मग व्यवहार कुठे होतो याला फारसे महत्त्व उरणार नाही, असा त्याचा होरा होता.

भूगोलाच्या अभ्यासकांना हे पटणे शक्य नव्हते. वित्तीय भूगोल, म्हणजे पैसा कुठून कुठे जातो आणि कुठे जात नाही याचा अभ्यास करणारी शाखा, तेव्हा कुठे आकार घेत होती, पण पुरावा जुनाच होता. १९७४ मध्ये लता चटर्जी आणि डेव्हिड हार्वे यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घरासाठी कर्ज कोण देते, हे वस्तीवार तपासले. शहराच्या गाभ्यातल्या गरीब वस्त्यांत बँका जवळपास फिरकत नव्हत्या. घरे रोखीने किंवा खासगी कर्जावर विकली जात. गोऱ्या स्थलांतरितांच्या जुन्या वस्त्यांना छोट्या स्थानिक बचत-कर्ज संस्थांचा आधार होता. श्रीमंत भागाला बँका सढळ हाताने कर्ज देत. या शाखेतले मला हे सर्वांत मोलाचे काम वाटते. वस्ती खालावते म्हणून कर्ज मिळत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण कर्ज नाही म्हणून डागडुजी होत नाही, भाव पडतात आणि पडलेले भाव दाखवून पुन्हा कर्ज नाकारले जाते.

नव्वदच्या दशकात अँड्र्यू लेशन आणि नायजेल थ्रिफ्ट या भूगोल-अभ्यासकांनी ब्रिटनमध्ये हाच धागा पकडला. बँका शाखा बंद करत होत्या आणि त्याची झळ गरीब भागांना अधिक बसत होती. इकडे १९८६ च्या सुधारणांनंतर लंडनच्या शेअर बाजारातली खरेदी-विक्री संगणकाच्या पडद्यावर गेली, तरी वित्तसंस्था लंडन सोडून पांगल्या नाहीत. ओळखीपाळखी, कुजबुज, वकील, हिशेबनीस सगळे तिथेच होते.

पुढे तर वेगामुळेच अंतर महाग झाले. शेअर बाजारांतले सौदे इतरांच्या क्षणभर आधी करता यावेत म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत शिकागो ते न्यू जर्सी अशी सुमारे १,३३० किलोमीटरची नवी केबल टाकली गेली. ती शक्य तितकी सरळ जावी म्हणून पेनसिल्व्हेनियात डोंगर फोडले. संदेशाची ये-जा साधारण १३ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या तेरा हजारांश भागात, होऊ लागली. आधीपेक्षा वाचले ते मोजके मिलिसेकंद. पण काचेच्या तंतूतून प्रकाश हवेतल्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांश हळू जातो. त्यामुळे थोड्याच वर्षांत त्याच दोन टोकांदरम्यान हवेतून संदेश नेणाऱ्या मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांची रांग लागली आणि ज्यांना तिचे भाडे परवडले, ते पुढे निघून गेले.