गिझरचा व्हॉल्व गळणं वेगळं, टाकी गळणं वेगळं

"गिझर गयून राह्यला भाऊ, नवा घ्या लागते काय?" थंडी पडली की वऱ्हाडात हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. सल्लेही ठरलेले: कोणी म्हणतं भोकात एम-सील भर, कोणी म्हणतं फेकून दे. पाणी नेमकं कुठून येतंय, हे कोणी वाकून बघत नाही.

थंड पाणी आत शिरतं तिथे पितळेचा छोटा सेफ्टी व्हॉल्व असतो. तो थेंब गाळतो, कारण तेच त्याचं काम आहे. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेलं की ते साधारण पाव लिटरने फुगतं. नळ बंद असतो आणि हाच व्हॉल्व पाणी मागे स्लॅबवरच्या टाकीकडे जाऊ देत नाही. म्हणून आत दाब वाढतो. बहुतेक गिझर 8 बार दाबासाठी बनवलेले असतात. दाब त्याच्या आसपास गेला की व्हॉल्व आपल्या भोकातून थोडं पाणी बाहेर सोडतो. तेव्हा पाणी तापताना टपटप आणि निवल्यावर बंद, असं होत असेल तर गिझर ठणठणीत आहे.

त्या भोकात एम-सील, चिंधी किंवा स्क्रू ठोकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर टाकी वाचवायला फक्त हे भोक उरतं. तेच बुजवलं तर टाकी फुटते, आणि खाली आंघोळ करणारं माणूस असतं. थेंबांचा त्रास होत असेल तर भोकाला नळी लावून मोरीत सोडा. तिचं तोंड मात्र उघडंच ठेवा.

गिझर बंद, पाणी थंड, तरी व्हॉल्व गळतोय? मग आत क्षार किंवा रेतीचा कण अडकलाय. त्याची दांडी दोन-तीनदा उचलून पाणी वाहू द्या. नाहीच थांबलं तर व्हॉल्व बदला. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर गिझर चालत असेल, तर ही दांडी महिन्यातून एकदा हलवाच. वर्षातून एकदा मिस्त्रीकडून कॉइलवरचा थर काढून घ्या आणि मॅग्नेशियमचा रॉड तपासून घ्या. खाऱ्या पाण्यात तो लवकर झिजतो; तो संपला की गंज टाकीला धरतो.

टाकीची गळती ओळखायला सोपी आहे. व्हॉल्व कोरडा असतो आणि पाणी खालच्या झाकणाच्या फटीतून येतं. गिझर चालू असो वा बंद, ते थांबत नाही. बऱ्याचदा गरम पाणी तांबूस येतं, थंड मात्र स्वच्छ. त्याच झाकणाआड वायरी असतात, म्हणून आधी एमसीबी पाडा, मगच हात लावा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर पुन्हा सुरू करू नका. वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी तर प्रत्येक घरात हवाच.

झाकण उघडल्यावर कॉइलच्या बुडाचं रबरी वायसर कुजलेलं निघालं तर नशीब. ते बदलून काम भागतं. पत्राच सडला असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. उष्णतेने आतला लेप जळतो आणि गंज शेजारून पुन्हा फुटतो. अशा वेळी मी नवाच गिझर घ्यायला सांगतो, तोवर बंब पेटवा.