सीटमध्ये मुरणारा निळा रंग

माझ्या गाडीच्या सीट बदामी रंगाच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात भाची तीन महिने आमच्याकडे ठाण्याला राहायला होती आणि रोज माझी गाडी घेऊन कळवा, विटावामार्गे ऐरोलीला ऑफिसला जायची. नवरात्रात गाडी धुवायला काढली, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची फुगीर कड निळसर दिसली. मळ असेल म्हणून ओल्या फडक्याने खसाखसा पुसली. फडकं स्वच्छ, कड निळीच. "मावशी, अगं मी ती जीन्स दोनदा धुतली होती," भाची रडवेली होऊन म्हणाली. तिने धुतली होतीच, माझ्यासमोर.

फडकं स्वच्छ राहिलं, तिथेच मला उमगलं. मळ वर बसतो, म्हणून तो फडक्यावर येतो. हा रंग वर नव्हताच. लोणच्याच्या फोडीत मीठ-मसाला मुरतो तसा तो सीटच्या वरच्या थरात मुरला होता. मुरलेलं लोणचं धुऊन पुन्हा कैरी मिळत नाही, आणि या डागाचंही बऱ्याच अंशी तसंच आहे.

जीन्सचा रंग म्हणजे नीळ, इंडिगो. (कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतो ती नीळ वेगळी.) पूर्वी ती झाडापासून काढत. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत बनवून दाखवली आणि १८९७ पासून कारखान्यात तयार झालेली नीळ बाजारात आली. रेणू तोच, त्यामुळे त्याचा स्वभावही तोच राहिला. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगारी आधी तिच्यावर रासायनिक क्रिया करून तिचं विरघळणारं, पिवळट-हिरवं रूप तयार करतात, सूत त्यात बुडवतात आणि बाहेर काढून हवा लागू देतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सूत डोळ्यांदेखत निळं होतं. ज्याने ते एकदा पाहिलं, तो विसरणार नाही.

पण या प्रक्रियेत निळीची कापसाशी रासायनिक गाठ पडत नाही. ती धाग्याच्या बाहेरच्या भागात नुसती अडकून राहते आणि धाग्याचा गाभा पांढराच राहतो. जुन्या जीन्सच्या गुडघ्यावर पांढरट सूत दिसतं ते यामुळे. जीन्स विटते तशी सुंदर दिसते असं आपण म्हणतो, पण विटते म्हणजे तिचा रंग रोज कुठेतरी जातोच. थोडा धुण्याच्या पाण्यात, थोडा पांढऱ्या बुटांवर, सोफ्यावर आणि गाडीच्या सीटवर.

ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड का, याचंही उत्तर सोपं आहे. आपण उजव्या दाराने आत शिरतो, मांडी आणि कंबर त्या कडेवर घासत सरकतो आणि उतरताना पुन्हा तसेच. दिवसाला चार वेळा म्हटलं तरी तीन महिन्यांत तीनशेच्या वर घासण्या झाल्या. त्यातून आपला पाऊस. ओल्या कापडातून रंग कोरड्यापेक्षा जास्त सुटतो. पाणी नीळ विरघळवत नाही, पण कापसाचे तंतू फुगवतं, त्यात अडकलेले कण मोकळे करतं आणि सीटपर्यंत वाहून नेतं. घामाचंही तेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यात कोणाची जीन्स पूर्ण कोरडी असते?

कापड उद्योगात हे मोजायचं एक साधं यंत्र आहे, क्रॉकमीटर. १६ मिलिमीटर व्यासाच्या दांडीला पांढरं सुती कापड लावायचं, तिच्यावर ९ न्यूटन म्हणजे साधारण ९०० ग्रॅम वजनाइतका भार द्यायचा आणि रंगीत कापडावर सुमारे दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात दहा वेळा पुढे-मागे घासायची. मग पांढऱ्या कापडावर किती रंग आला ते १ ते ५ या श्रेणीत ठरवायचं. ५ म्हणजे डागच नाही. गडद डेनिम ओलं करून घासलं की श्रेणी बहुतेक वेळा तळाशीच राहते.

मी ही चाचणी घरी केली. आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून ९०० ग्रॅम म्हणजे किती जोर ते पाहून घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच कमी निघाला, भाकरी थापताना आपण याहून जास्त दाबतो. मग जुन्या पांढऱ्या रुमालाचा तुकडा ओला करून पिळला, तर्जनीला गुंडाळला आणि भाचीच्या जीन्सच्या मांडीवर दहा वेळा घासला. दोन धुण्यांनंतरही रुमालावर नाण्याएवढा निळा ठिपका उमटला. तिची जुनी, चार वर्षं वापरलेली जीन्स घेतली, तर रुमाल जवळपास कोरा. रंगीत कपडा घालून फिकट सीटवर बसायचं असेल, तर त्याआधी प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. दोन मिनिटं लागतात.

आता सीटकडे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ज्याला लेदर सीट म्हणतात ते लेदरेट असतं, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. आणि खरं कातडं असलं, तरी आपला स्पर्श बहुधा कातड्याला होत नाही. त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचं पारदर्शक अस्तर. ते केसाच्या जाडीहूनही पातळ असू शकतं. म्हणजे दोन्हीकडे रंगाची गाठ पडते ती प्लास्टिकशीच. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात, आणि पाण्यापासून दूर पळणारे रंग अशा तेलकट थरात आनंदाने शिरतात. पॉलिएस्टरच्या काळ्या ट्रॅक पँटचा रंग तर याहून चलाख. त्याचे लहान रेणू पॉलिएस्टरमध्ये विरघळलेले असतात, आणि ऊब मिळाली की शेजारच्या मऊ प्लास्टिकमध्ये उतरतात.

म्हणून दुसरा गुन्हेगार ऊन. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी तासभर उघड्यावर उभी राहिली, की आतली हवा बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशांनी जास्त तापते. थेट ऊन पडणारी सीट तर त्याहून गरम होते. तापलेलं प्लास्टिक मऊ होतं आणि त्यातून रेणू भराभर सरकतात. सकाळी ओल्या जीन्सने कडेवर रंग सोडायचा आणि दिवसभर ऐरोलीच्या उघड्या पार्किंगमध्ये तो आत मुरायचा.

मुरण्याचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. रेणू जितका वेळ जातो त्या प्रमाणात नव्हे, तर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खोल जातात. पहिल्या तासात जेवढे खोल गेले, त्याच्या दुप्पट खोलीला एकूण चार तास लागतात. म्हणजे मुरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी ओलसर मऊ कापडाने कड पुसली तर बराचसा रंग अजून वर असतो. रविवारची वाट पाहिली, तर तो आत गेलेला असतो.

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवायचा, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी भाचीला. कोणी व्हिनेगर घालतं, कोणी तुरटी. तुरटी मंजिष्ठासारख्या वनस्पतिज रंगांना कापडाशी बांधते. मीठ काही रंगांना रंगवतानाच सुतात शिरायला मदत करतं. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमावरच्या काही रंगांना. निळीवर यातलं काहीच चालत नाही, कारण बांधायला तिथे गाठच नाही. उपयोग होतो तो फक्त सुटा रंग काढून टाकण्याचा. नवी जीन्स उलटी करून, वेगळी, गार पाण्यात, रुमालाच्या चाचणीत ठिपका फिका होईपर्यंत धुवायची. गडद लाल आणि काळ्या सुती कुडत्यांचंही असंच. त्यांचा रंग बहुधा कापसाला पक्का बांधलेला असतो, पण कारखान्यात नीट न धुतलेला उरलासुरला रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत निघून जातो.

डाग काढायच्या नादात मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. नवी मुंबईत गाड्यांची सफाई करणाऱ्या एका दुकानात सीट दाखवली. तिथल्या मुलाने माझ्यासमोरच फडक्यावर थिनर घेतला आणि मी त्याला थांबवेपर्यंत चार बोटांएवढी जागा पुसलीही. निळा गेला. सोबत वरचं अस्तरही गेलं. ती जागा आता खरखरीत लागते आणि मळ तिथेच आधी धरतो. नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच यांनीही नुकसानच होतं. डाग पुसणारा पांढरा मेलामाइनचा स्पंज मऊ लागतो, पण खरं तर तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे.

आता लेदरसाठीच बनवलेल्या सौम्य क्लीनरचा फेस मऊ ब्रशवर घेते, हलक्या हाताने फिरवते, मायक्रोफायबरने लगेच टिपते. त्यावर दर दोन-तीन महिन्यांनी लेदर प्रोटेक्टंटचा हात. हा थर रंग अडवतो, पण स्वतः झिजतो, म्हणून पुन्हा लावावा लागतो. पावसाळ्यात सीटच्या कडेवरून खाली येईल असा फिकट सुती टॉवेल टाकते. सीट कव्हर घ्यायचं असेल, तर सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी आहे का ते आधी बघा. तिथे साधं कव्हर घातलं, तर एअरबॅग उघडायला अडथळा होतो. आणि शोरूममधून आलेलं प्लास्टिक काढून टाका. त्याखाली आपल्या हवेत घाम आणि ओल कोंडते, बुरशी धरते.

कड आता बरीच फिकट झाली आहे. शिवणीच्या दोऱ्यात निळा अजून तसाच आहे आणि मी तो खरवडत नाही. भाची गेल्या आठवड्यात आली होती, नव्या काळ्या जीन्समध्ये. गाडीची किल्ली मागण्याआधी तिने स्वयंपाकघरातून ओला रुमाल आणला.