दस्तऐवज-निश्चिती (दाव्यातील प्रकटीकरणासाठी)

दाव्याशी संबंध असलेले कागद आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी कोणाकडे, कुठे व कोणत्या रूपात आहेत हे शोधून त्यांची यादी करणे म्हणजे दस्तऐवज-निश्चिती. प्रकटीकरण, म्हणजे असे दस्तऐवज न्यायालयात व विरुद्ध पक्षाला उघड करणे, तिच्यावर उभे असते. प्रती काढणे, कागदयादीसह दाखल करणे, विरुद्ध पक्षाला तपासणीस देणे ही कामे त्यानंतरची.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ११ नुसार साध्या दाव्यात एका पक्षाच्या अर्जावरून न्यायालय दुसऱ्याला शपथपत्रावर दस्तऐवज उघड करण्यास सांगू शकते. व्यापारी वादांसाठी वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने हा आदेश बदलला. तेथे ताब्यातील व अखत्यारीतील सर्व संबंधित दस्तऐवज वादीने वादपत्रासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत (लेखी उत्तरासोबत) उघड करावे लागतात. दोघांनीही आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. २०१८ च्या दुरुस्तीने या दाव्यांची किमान मूल्यमर्यादा ३ लाख रुपयांवर आली. त्यामुळे सांगलीच्या हळद बाजारातले मध्यम आकाराचे व्यवहारही या कायद्याच्या कक्षेत येतात.

पाठवलेला माल नमुन्याप्रमाणे नव्हता, असा वाद या बाजारात होऊ शकतो. त्याचे कागद अडत्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), काटापट्टी (वजनाची चिठ्ठी), शीतगृहाची पावती, ट्रकची बिल्टी (माल वाहतुकीची पावती), ई-वे बिल (वाहतुकीतल्या मालाची जीएसटीखालची ऑनलाइन नोंद) आणि बीजक अशा साखळीत असतात. पण नमुन्याचा फोटो मालकाच्या मोबाईलवर, भाव कबूल केल्याचा आवाजी संदेश दिवाणजीच्या मोबाईलवर आणि जुन्या वर्षांच्या वह्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात असू शकतात. दुसऱ्याच्या कपाटातली आपली वहीसुद्धा आपल्याच अखत्यारीतली. म्हणून कपाटे उघडण्याआधी माणसांना विचारावे: नोंद कोण करतो, कोणत्या मोबाईलवरून बोलणे झाले, संगणक कधी बदलला? निश्चितीचा खरा भाग हाच आहे, आणि घाईत नेमका तोच टाळला जातो.

नियमितपणे ठेवलेल्या कीर्द-खतावणीतल्या (हिशेबाच्या वह्यांतल्या) नोंदी पुराव्यात ग्राह्य असल्या, तरी केवळ त्यांच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. नोंदीला पाठबळ देणारी पट्टी आणि पावतीही शोधावीच लागते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे. पेठेतल्या एकमालकी व भागीदारी पेढ्यांना हा नियम लागू नाही. तेथे हिशेबाच्या बॅकअपची जुनी प्रत जपून ठेवणे फार महत्त्वाचे ठरते.

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगलीत या कामाला आणखी एक बाजू जोडली. भिजून गेलेली वही यादीतून गुपचूप वगळणे चूक आहे. संहितेतील शपथपत्राच्या नमुन्यात पूर्वी जवळ असलेल्या पण आता नसलेल्या दस्तऐवजांसाठी वेगळे परिशिष्ट आहे. दस्तऐवज शेवटचा केव्हा ताब्यात होता आणि त्याचे काय झाले, हे सांगावे लागते. मूळ नष्ट झाल्याचे सिद्ध झाले तर दुय्यम पुरावा, म्हणजे मुळाऐवजी त्याची प्रत वगैरे, देता येतो. त्यासाठी पुराचा पंचनामा आणि त्या वेळचे फोटो हेही यादीत यायला हवेत.

इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबत १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू आहे. नोंदीच्या प्रतीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते: एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळख-खूण, नोंदवायचे असते. फाईलमध्ये किंचित बदल झाला तरी हे मूल्य बदलते. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखालीही असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठरवले होते. मूळ उपकरणच हजर केले तर मात्र त्याची गरज नाही. म्हणून ज्या मोबाईलवर संदेश आला, तो मोबाईलच यादीत नोंदवावा. पुढे पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नये. व्हॉट्सॲपवर संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर वाद दिसताच ती बंद करावी. सीसीटीव्हीचे चित्रणही जुन्यावर नवे चढत असल्याने लगेच काढून ठेवावे लागते.

वकील आणि अशील यांच्यातला सल्ल्याचा पत्रव्यवहार दाखवण्यापासून संरक्षण आहे, मात्र ते संरक्षण उघडपणे मागावे लागते.

वाणिज्यिक दाव्यात प्रकटीकरणाचे कर्तव्य निकालापर्यंत चालू राहते. वादपत्रासोबत उघड न केलेला, पण वादीच्या ताब्यात असलेला दस्तऐवज नंतर वापरायचा असेल, तर आधी का दाखवला नाही याचे समाधानकारक कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.