वॉर्डातल्या टीमचा प्रोत्साहन भत्ता कसा ठरवावा?

सकाळच्या राउंडला डॉक्टर "आज घरी सोडू" म्हणतात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो. या मधल्या वेळेत आरएमओंनी (निवासी डॉक्टरांनी) डिस्चार्ज समरी लिहायची, सिस्टरांनी उरलेली औषधं परत करायची, बिलिंगने बिल काढायचं, टीपीए डेस्कने (रुग्णालयात विम्याचं काम पाहणाऱ्यांनी) विमा कंपनीची मंजुरी मागवायची, मावशींनी खाट आवरायची. यातल्या एकालाच बक्षीस दिलं, तर बाकीचे चार जण कशाला धावतील? म्हणून रुग्णालयांना अशी योजना आखून देताना आम्ही भत्ता या सगळ्यांना मिळून एकत्र ठरवतो.

मोजायचं तेच, जे टीमच्या हातात आहे. कॅशलेस पेशंटची अंतिम मंजुरी विमा कंपनीने 3 तासांत द्यावी, असा विमा नियामक आयआरडीएआयचा 2024 पासूनचा नियम आहे. कंपनीकडे गेलेला तो वेळ टीमच्या हिशोबातून वगळा.

किती पेशंट दाखल झाले, किती तपासण्या झाल्या, यावर भत्ता आम्ही आखून देत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. त्याचा भुर्दंड शेवटी पेशंटला पडतो. "पेशंट पडण्याच्या घटना घटल्या की पैसे" हेही नको. घटना तेवढ्याच राहतात, नोंदी मात्र घटतात. त्याऐवजी नोंद वेळेत झाली का आणि त्यानंतर वॉर्डात काय बदललं, ते पाहा.

खरी भांडणं वाटणीवरून होतात. समजा, 24 जणांच्या वॉर्डासाठी महिन्याला 48,000 रुपये आहेत. आम्ही निम्मे सरसकट वाटायला सांगतो, म्हणजे प्रत्येकाला 1,000. उरलेले निम्मे केलेल्या ड्युट्यांच्या प्रमाणात, आणि नाइट ड्युटी दीडपट धरून. पगाराच्या टक्क्यांवर वाटलं, तर मावशींच्या हाती नावापुरतेच पैसे येतात. मावशी, वॉर्डबॉय कंत्राटी असले तरी त्यांना वगळू नका. त्यांचा वाटा कंत्राटातच लिहून घ्या.

दिवाळीचा बोनस यात मिसळू नका. पात्र कर्मचाऱ्यांचा किमान 8.33 टक्के बोनस हा कायद्याने दिलेला हक्क आहे. वॉर्डाची कामगिरी कशीही असली तरी तो द्यावाच लागतो.

पहिले तीन महिने फक्त मोजमाप करा, पैसे नंतर. आकडे दर आठवड्याला नर्सिंग स्टेशनजवळच्या फळ्यावर लावा, म्हणजे महिनाअखेरीला कुणाला धक्का बसत नाही.

आमच्या पहिल्या भेटीसाठी मागच्या तीन महिन्यांच्या डिस्चार्जच्या नोंदी आणि ड्युटी रोस्टर काढून ठेवा. इन्चार्ज सिस्टरांनाही बैठकीला बसवा. समरी रोज कुठे अडकते, ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.