कोअर किती आणि वाट्याला किती

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सी भाषेतल्या फायली तीस हजारांच्या वर आहेत. दर वेळी सगळ्याच कंपाइल होत नाहीत, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवल्या जात नाहीत. कर्नल कोणत्या यंत्रासाठी आणि कोणत्या सोयींसह हवा, त्यावर ते ठरतं. तरी साध्या लॅपटॉपसाठीसुद्धा काही हजार फायली कंपायलरखालून जातात. यातल्या बहुतेक फायलींचं एकमेकींवाचून काही अडत नाही. कीबोर्डचा ड्रायव्हर कंपाइल होताना नेटवर्कच्या ड्रायव्हरची वाट बघावी लागत नाही. म्हणजे हात जास्त असतील तर कामं एकाच वेळी उरकता येतात.

कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे, याचा हिशेब ठेवणारं 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. पुढे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मेकमध्ये 'जे' हा पर्याय रुळला. त्याच्यापुढे आकडा लिहायचा, तितकी कामं मेक एका वेळी सुरू ठेवतो. आकडा लिहायला विसरलात, तर 'मर्यादा नाही' असा अर्थ घेऊन तो तयार असलेलं प्रत्येक काम एकदम सोडतो. मोठ्या प्रकल्पावर हे करून पाहू नका. माउसचा बाणही हलायचा थांबतो.

मग आकडा लिहायचा किती? प्रोसेसरला जितके कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, तितका. उत्तर सोपं वाटतं, पण कोअर मोजायचे कसे याचंच वर्षानुवर्षं भिजत घोंगडं होतं. लिनक्सवर लोक 'सीपीयूइन्फो' नावाची फाइल उघडून 'प्रोसेसर' या शब्दाच्या ओळी मोजत. इंटेलच्या यंत्रावर हे जमे. स्पार्क आणि अल्फा यंत्रांवर त्याच फाइलचा साचा वेगळा. काही जुन्या एआरएम यंत्रांवर चिपचं नाव सांगणारी ओळही 'प्रोसेसर' याच शब्दाने सुरू होई, फक्त पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं. लहानमोठ्या अक्षरांचा भेद न पाळणाऱ्या स्क्रिप्टला तिथे एक कोअर फुकटचा जास्त मिळे. मॅकवर ही फाइलच नाही, तिथे 'सिसकंट्रोल'ला विचारायचं. विंडोजवर आणखी तिसरंच. त्यामुळे जुन्या बिल्ड स्क्रिप्टांच्या (सगळ्या फायली कंपाइल करून प्रोग्राम उभा करणं म्हणजे बिल्ड) डोक्यावर 'हे नसेल तर ते, ते नसेल तर आणखी काही, काहीच नसेल तर १' अशी लांबलचक साखळी दिसते.

२००९ मध्ये ग्नूच्या कोअरयुटिल्स या मूलभूत आदेशांच्या संचाच्या ८.१ आवृत्तीत 'एनप्रॉक' हा छोटा आदेश आला आणि लिनक्सपुरती ही साखळी तुटली. त्याचा खरा गुण मात्र सोय हा नव्हे. यंत्रात किती कोअर आहेत हे तो मुळात सांगतच नाही. ते हवं असेल तर 'ऑल' हा पर्याय मुद्दाम जोडावा लागतो. एरवी त्याचं उत्तर असतं 'तुला किती वापरता येतील' याचं. सोळा कोअरच्या यंत्रावर एखादी प्रोसेस चारच कोअरना बांधून ठेवली असेल, तर त्या प्रोसेसमधून एनप्रॉक ४ म्हणतो. प्रश्नातला हा फरक तेव्हा फारसा कुणाला जाणवला नाही. एक माणूस, एक यंत्र असा तो मामला होता.

मुळात कोअर तरी सगळे सारखे कुठे आहेत? इंटेलने २००२ मध्ये हायपरथ्रेडिंग बाजारात आणलं. एकच कोअर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन म्हणून दिसतो, पण आकडेमोडीचे सर्किट आणि कॅश या दोघांत सामाईक. कंपायलरचा बराच वेळ मेमरीतून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. त्या रिकाम्या क्षणांत त्याच कोअरवरचं दुसरं काम पुढे सरकतं, म्हणून बिल्डला याचा फायदा होतो. पण वेग दुप्पट होत नाही. पुढे २०२० च्या अ‍ॅपल एम१ मध्ये चार दमदार आणि चार काटकसरी कोअर आले. २०२१ च्या इंटेल १२९००के मध्ये आठ मोठे आणि आठ छोटे. मोठ्यांना हायपरथ्रेडिंग आहे, छोट्यांना नाही, म्हणून एकूण आकडा दिसतो २४. या चोविसांत तीन प्रकारची कुवत लपलेली आहे. सगळ्यांना समान वाटा देणारे गणिती प्रोग्राम इथे अडखळतात, कारण सर्वांत मंद कोअर संपेपर्यंत बाकीचे ताटकळतात. बिल्डचं तसं होत नाही. जो कोअर मोकळा झाला तो पुढची फाइल उचलतो, मंद कोअर कमी फायली करतो, इतकंच. त्यामुळे या भेदाची बिल्डपुरती फार चिंता करू नये, असं माझं मत आहे.

खरी पंचाईत केली ती कंटेनरांनी. कंटेनर म्हणजे एकाच यंत्रावर एखाद्या कामासाठी आखून दिलेला वेगळा कप्पा. आज बहुतेक बिल्ड कुणाच्या टेबलावर होत नाहीत. दूरच्या एका मोठ्या सर्व्हरवर अनेकांची कामं शेजारीशेजारी चालतात आणि प्रत्येकाला वाटा ठरवून दिलेला असतो. हे वाटप लिनक्समधली 'सीग्रुप' ही यंत्रणा करते. ती कर्नलमध्ये २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ आवृत्तीत आली, आणि प्रोसेसरच्या वेळेवर कडक मर्यादा घालण्याची सोय २०१२ मध्ये ३.२ आवृत्तीत मिळाली. गंमत अशी, की ही मर्यादा कोअरच्या संख्येत नसते, वेळेत असते. 'दोन सीपीयू' दिले म्हणजे दर १०० मिलिसेकंदांच्या खेपेत एकूण २०० मिलिसेकंद प्रोसेसरवेळ. तो कुठल्याही कोअरवर खर्च करा, कर्नलची हरकत नाही.

सोसायटीत नळ चौसष्ट आहेत, पण टाकीत पाणी दोन नळ सतत चालतील इतकंच येतं, असं समजा. चौसष्ट नळ एकदम सोडले तर टाकी झटक्यात रिकामी होते आणि पुढचं पाणी येईपर्यंत सगळेच कोरडे बसतात. चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर दोन सीपीयूंच्या कंटेनरात नेमकं हेच घडतं. जुना एनप्रॉक प्रोसेस कुठल्या कोअरना बांधली आहे तेवढंच बघतो, वेळेची मर्यादा त्याला दिसत नाही, म्हणून तो बिनदिक्कत ६४ सांगतो. मेक चौसष्ट कंपायलर सोडतो. २०० भागिले ६४, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांत वाटा संपतो आणि उरलेले ९७ मिलिसेकंद सगळे गोठून उभे.

नुसता वेळेचाच प्रश्न असता तर चाललं असतं, कारण काम शेवटी दोन सीपीयूंच्या वेगानेच पुढे सरकतं. पण गोठलेला कंपायलर मेमरी सोडत नाही. सी++ ची टेम्प्लेटांनी भरलेली एक फाइल कंपाइल करताना एखादा जीबी सहज लागू शकतो. प्रत्येकी अर्धा जीबी धरला तरी चौसष्टांचे ३२ होतात, आणि कंटेनरला दिलेले असतात चार किंवा आठ. मग कर्नल त्यातल्या कुणाचा तरी बळी घेतो. पडद्यावर 'किल्ड' एवढाच शब्द उमटतो आणि बिल्ड लावणारा बिचारा आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो. पुन्हा चालवलं की दुसऱ्याच फाइलवर फाटतं. हे लक्षण ओळखीचं वाटलं तर कोड तपासण्याआधी 'जे'पुढचा आकडा निम्मा करून बघा.

हे दुखणं निस्तरायला साधनांनी फार वेळ घेतला. जावा कंटेनरची मर्यादा ओळखायला लागली ती २०१८ च्या जेडीके १० पासून. गो भाषेला ते ऑगस्ट २०२५ मध्ये, १.२५ आवृत्तीत जमलं. खुद्द एनप्रॉकही २०२५ च्या ९.८ आवृत्तीपासून वेळेची मर्यादा हिशेबात धरतो, पण फक्त सीग्रुपच्या नव्या, दुसऱ्या पिढीची. लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर उभ्या कंटेनरात बिल्ड लावणाऱ्यांना अजून तोच ६४ दिसणार.

दुसरा घोळ एकात एक बिल्डचा. मुख्य मेकने आठ कामं सोडली, त्यातल्या प्रत्येकाने आतला मेक चालवला आणि त्यानेही कोअर मोजून आठ सोडली, तर झाले चौसष्ट. ग्नू मेकने यावर 'जॉबसर्व्हर' नावाची देखणी युक्ती काढली. आठ कामांची परवानगी असेल तर एका पाइपमध्ये सात बाइट टाकून ठेवायचे. जादा काम सुरू करायचं असेल त्याने एक बाइट उचलायचा, काम संपलं की परत टाकायचा. बाइट नसेल तर थांबायचं. मध्यवर्ती हिशेबनीस नाही, मोजणी नाही, तरी कितीही खोल गेलं तरी बेरीज आठच्या वर जात नाही. गूगलच्या क्रोमसाठी जन्मलेला, मेकसारखंच काम करणारा 'निंजा' मात्र बरीच वर्षं आपल्याच तालात कोअर अधिक दोन इतकी कामं सोडत राहिला. एखादं काम डिस्कवर अडलं तर प्रोसेसर रिकामा राहू नये म्हणून. मेकच्या पाइपमधला बाइट उचलायला तो शिकला २०२५ मध्ये.

कोअर वाढवून मिळणाऱ्या वेगाला छतही आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो, की एकट्यानेच करावं लागणारं काम एक दशांश असेल तर हजार कोअर लावूनही वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. बिल्डमध्ये हा एकट्याचा भाग म्हणजे बहुधा शेवटचं लिंकिंग, कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करण्याचं काम. तेच मेमरीही सर्वांत जास्त खातं. म्हणूनच कंपायलर बनवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाने एका वेळी किती लिंकर चालावेत, यासाठी वेगळा आकडा ठेवला आहे.

स्क्रिप्ट लिहिताना मी कोअरच्या आकड्यावर एकट्यावर भिस्त ठेवत नाही. एनप्रॉकचं उत्तर घ्यावं, कंटेनरची वेळेची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती घ्यावी, आणि वाट्याच्या मेमरीला सी++ साठी दोन जीबींनी भागून येणारा आकडा घ्यावा. यांत जो लहान तो 'जे'पुढे. वापरणाऱ्याने स्वतः आकडा दिला असेल, तर यातलं काहीही न मोजता तोच वापरावा.