सोर्सपासून टेसरॅक्ट: इन्स्टॉलेशनच्या सूचना लिहायच्या कशा

छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढून देणारं टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मूळचं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतलं. २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला झाला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कच्या मदतीने सबंध ओळ एकत्र वाचतं. शिरोरेषेने अक्षरं जोडणाऱ्या देवनागरीसाठी ही पद्धत सोयीची आहे. लिनक्सवर ते एका कमांडने तयार मिळतं, पण लिनक्सच्या तयार सॉफ्टवेअर-भांडारातली आवृत्ती अनेकदा जुनी असते. नवी हवी असेल किंवा कोडमध्ये स्वतः काही बदलायचं असेल, तर ते सोर्सपासून बांधावं, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार करावं लागतं. मग सगळी भिस्त कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचनांवर.

या सूचना बहुधा तीन कमांडमध्ये आटोपतात: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. त्यांच्यामागे बरंच काही दडलेलं आहे. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे आणि कोणती केव्हा बदलली, हे पाहून ते गरजेपुरतंच पुन्हा कंपाइल करतं, म्हणजे कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणतं. कॉन्फिगर नंतरचं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक अवतारात थोडाथोडा फरक असे, म्हणून डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फची सुरुवात केली. ऑटोकॉन्फने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते आणि या मशीनवर काय आहे, काय नाही, ते ठरवते. पडद्यावर सरसर जाणाऱ्या त्या ‘चेकिंग’च्या ओळी म्हणजे खरोखरच घेतलेल्या चाचण्या असतात.

नवखा माणूस अडकतो तो बहुतेक इथेच. टेसरॅक्टला चित्रं हाताळण्यासाठी लेप्टोनिका ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) लागते. ती मशीनवर असते, तरी कॉन्फिगर म्हणतं, सापडत नाही. कारण लायब्ररीचे दोन भाग असतात. तयार प्रोग्रॅम चालवायला एक पुरतो. नवा प्रोग्रॅम बांधायला हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या फाइली, लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. डेबियन-उबुंटूवर त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘डेव्हल’. सूचना लिहिणाऱ्याने हे पॅकेज कधीकाळी टाकलेलं असतं आणि त्याला त्याची आठवणही नसते. ‘लेप्टोनिका हवी’ एवढं लिहून तो पुढे जातो, आणि वाचणाऱ्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

दुसरी अडचण सगळं बिनचूक झाल्यावर येते. मेक इन्स्टॉल पूर्ण होतं, टेसरॅक्ट चालवावं तर शेअर्ड लायब्ररी उघडता येत नसल्याचा संदेश! फाइल जागेवर असते. पण प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर दर वेळी डिस्क धुंडाळत बसत नाही, तो आधी बनवून ठेवलेली यादी पाहतो. नव्या लायब्ररीची नोंद त्या यादीत झालेली नसते. ‘एलडीकॉन्फिग’ ही कमांड सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, एकदा चालवली की यादी ताजी होते. सूचनांमध्ये ही एक ओळ नसेल, तर माणूस सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतो.

आणि मराठी? ती अजून आलेलीच नाही. टेसरॅक्टचा कोड आणि भाषेचं प्रशिक्षित मॉडेल या वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीची फाइल वेगळी उतरवून टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तिचा ‘फास्ट’ प्रकार वेगासाठी, ‘बेस्ट’ प्रकार अचूकतेसाठी. मग उपलब्ध भाषांची यादी मागवायची आणि तीत मराठीचा ‘एम-ए-आर’ हा संकेत आहे का ते पाहायचं. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं हे लिहिणं मला कमांडइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते माहीत नसेल तर आपण नेमके कुठे चुकलो हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

सूचना पुऱ्या आहेत की नाहीत हे स्वतःच्या मशीनवर कळणं अशक्य आहे, कारण तिथे सगळं आधीच जमलेलं असतं. कोरं व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर (आपल्याच मशीनवर चालणारी वेगळी, स्वतंत्र व्यवस्था) घ्यावा आणि लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा चालवाव्यात, मनाने एकही न घालता. जिथे अडेल तिथे सूचनांमध्ये भर घालायची आणि पुन्हा कोऱ्या मशीनपासून सुरुवात करायची. हे कंटाळवाणं आहे, पण प्रयोगशाळेतल्या प्रयोगालाही हीच अट असते: दुसऱ्याला तो करून पाहता आला पाहिजे. टेसरॅक्टची आणि लिनक्सची आवृत्ती, तसंच चाचणीची तारीखही वर लिहावी. पॅकेजांची नावं बदलत राहतात.

काढून टाकायचं कसं, हे मात्र फार थोडे लोक लिहितात. मेक इन्स्टॉलने ठेवलेल्या फाइलींची सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरकडे नोंद नसते, त्यामुळे तो त्या काढू शकत नाही. ‘मेक अनइन्स्टॉल’ चालतं, पण बांधणी केलेलं फोल्डर शाबूत असेल तर. ते जपून ठेवायला सुरुवातीलाच सांगावं. किंवा कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’, म्हणजे बसवायची जागा, देऊन सगळं आपल्या होम डिरेक्टरीतल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायला शिकवावं. त्याला सुडो लागत नाही, आणि नको झालं की ते एकच फोल्डर उडवलं की झालं.